हेवीवेटची फाइट बेल वाजायच्या आधीच संपलेली असते का?

निळा_कोपरा

काल रात्री झोप येईना म्हणून माइक टायसन विरुद्ध मायकल स्पिंक्स ही बॉक्सिंगची जुनी हेवीवेट (सगळ्यात जड गटाची) फाइट परत लावली. २७ जून १९८८, अटलांटिक सिटी, अख्खी फाइट ९१ सेकंदांची. तीनदा पाहिली, आणि तिन्ही वेळा मारामारीपेक्षा स्पिंक्सचा चेहराच बघत बसलो. हा काही कुठूनतरी धरून आणलेला माणूस नव्हता हो, ३१ पैकी ३१ जिंकलेला, ऑलिम्पिक सुवर्णपदकवाला, लॅरी होम्सला हरवून रॉकी मार्सियानोच्या ४९-० ची (४९ विजय, एकही हार नाही) बरोबरी होम्सच्या हातून हिसकावणारा. आणि तो माणूस रिंगमध्ये असा उभा की घरचं कोणी हाक मारून बोलवेल तर बरं. पोटात एक बसला, गुडघ्यावर गेला, उठला, पुढच्या क्षणाला आडवा. परत कधीच लढला नाही.

माझं मत सरळ आहे. हेवीवेटमध्ये आधी भीती, स्टाइल वगैरे नंतर. खालच्या वजनात चार ठोसे खाऊनही माणूस सावरतो, इथे शंभर किलोच्या माणसाचा एक नीट बसला की खेळ खलास, आणि हे दोघांनाही पक्कं माहीत असतं. ज्याला ते जास्त आठवतं तो हरतो. फ्लॉइड पॅटरसन १९६२ ला शिकागोत सनी लिस्टनसमोर गेला तेव्हा खोटी दाढी-मिशी आधीच सोबत घेऊन गेला होता, हरलो तर तोंड लपवून बाहेर पडता यावं म्हणून. चॅम्पियन होता तो त्या दिवशी! २ मिनिटं ६ सेकंदांत संपला. फ्रँक ब्रुनो १९९६ ला टायसनसमोर जाताना वाटेत किती वेळा क्रॉसची खूण करत होता ते बघा, तिसऱ्या राउंडला संपला. या फाइट्स रिंगमध्ये हरलेल्याच नाहीत, त्या ड्रेसिंग रूममध्ये हरल्यात.

जमैका७३

सपशेल असहमत, आणि आयडीवरून कळलंच असेल मी कुठली फाइट काढणार ते.

२२ जानेवारी १९७३, किंग्स्टन. जो फ्रेझर, २९-०, दोन वर्षांपूर्वी मुहम्मद अलीला पंधराव्या राउंडला लेफ्ट हूकने (डाव्या हाताच्या वळत्या ठोशाने) पाडून हरवलेला. समोर जॉर्ज फोरमन, बेटिंगमध्ये मागे. दोन राउंडमध्ये फ्रेझर सहा वेळा खाली. आता सांगा कोण घाबरलं होतं? फ्रेझर? तो माणूस प्रत्येक वेळी उठून परत त्याच अंतरात घुसत होता, रेफ्रीने थांबवलं म्हणून थांबला. घाबरला होता फोरमन! तो स्वतः पुढे कैक वर्षं सांगायचा की रेफ्रीच्या सूचना चालू असताना त्याचे गुडघे लटपटत होते, आणि तो मनात म्हणत होता की फ्रेझरने खाली बघू नये. म्हणजे तुमच्या हिशेबाने फोरमन हरायला हवा होता.

जिंकला कारण फ्रेझरची स्टाइल फोरमनला ताटात वाढून दिल्यासारखी होती. फ्रेझर बुटका, हात आखूड, डोकं खाली घालून डोलत डोलत आत यायचं आणि डावा हूक मारायचा, हीच त्याची सगळी कमाई. फोरमनचे हात लांब, तो दोन्ही पंजे पुढे करून समोरच्याला खांद्याला धरून अक्षरशः ढकलतो, अंतर आपल्याला हवं तेवढं करतो, आणि खालून अपरकट (हनुवटीकडे वर जाणारा ठोसा) आणतो. खाली वाकून येणाऱ्याचं डोकं बरोब्बर त्या अपरकटच्या वाटेत. जी हालचाल अलीच्या उंच सरळ जॅबखालून (पुढच्या हाताच्या सरळ ठोशाखालून) फ्रेझरला आत नेत होती तीच हालचाल त्याला फोरमनच्या मुठीवर नेऊन ठेवत होती.

आणि मग साखळी बघा. फ्रेझरने अलीला हरवलं, केन नॉर्टनने मार्च १९७३ ला अलीचा जबडा मोडून त्याला हरवलं, फोरमनने त्या दोघांनाही दोन-दोन राउंडमध्ये लोळवलं. भीतीचं गणित खरं असतं तर किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ ला अलीचं काय व्हायला हवं होतं? फोरमन ४०-०, त्यातले ३७ नॉकआउट, वय २५. अली ३२ चा. आठव्या राउंडला फोरमन जमिनीवर.

निळा_कोपरा

जमैका, साखळी मान्य, पण तुम्ही नॉर्टन पटकन उरकलात. नॉर्टन काही बुटका नाही, आखूड हाताचा नाही. अलीशी तीन फाइट्स, तिन्ही अटीतटीच्या, तिसरी तर आजही अनेकांना नॉर्टनने जिंकलेली वाटते. आणि हाच माणूस फोरमनसमोर दोन राउंड, अर्नी शेव्हर्ससमोर १९७९ ला एक राउंड, जेरी कूनीसमोर १९८१ ला ५४ सेकंद. तिघेही जबर ठोसेबाज. जिथे समोरच्याच्या हातात मरण आहे तिथे नॉर्टन गोठतो, हे मला स्वच्छ दिसतं. ही भीती नाही तर काय?

जमैका७३

नॉर्टन मागे जाऊ शकत नव्हता, बस एवढंच. उजवा पाय घासत पुढे सरकायचं, हात आडवे, समोरच्याने जॅब टाकला की त्याच क्षणी आपलाही टाकायचा, त्याच्या प्रशिक्षक एडी फच्चने अलीसाठी हेच घटवून घेतलं होतं. अली मागे सरकणारा, म्हणून हे सगळं चाललं. फोरमन आणि शेव्हर्स पुढे येतात. नॉर्टनला दोन पावलं मागे ढकललं की त्याच्याकडे काहीच उरत नाही. त्याच शेव्हर्ससोबत अली १९७७ ला पंधरा राउंड उभा राहिला ना, पस्तिशीतला, पाय गेलेला अली.

हातपट्टी

मी लिहू का नको विचार करत होतो. पुण्यात इंटर-कॉलेजपर्यंत खेळलोय, हेवी गटातच, तेव्हा पातळी काही मोठी नव्हती, पण भीती म्हणजे काय ते जवळून माहितीये.

बाहेरून बघणाऱ्याला भीती चेहऱ्यावर दिसते. आतल्याला ती श्वासात कळते. माझी दुसरी का तिसरी बाउट, समोरचा पोरगा माझ्याहून वीतभर उंच आणि डावखुरा. पहिला मिनिट मी श्वासच घेतला नाही, खरंच, दात गमशील्डवर (दात वाचवायच्या रबरी पट्टीवर) आवळलेले आणि छाती भरलेली. दीड मिनिटात खांदे असे जड झाले की कोणीतरी पाण्याच्या बादल्या लटकवल्यात. कोच ओरडत होते "फिर, डावीकडे फिर", ऐकू येत होतं, कळत होतं, पाय हलत नव्हते. त्याने मला जोरात असं मारलंच नव्हतं तोपर्यंत. मी नुसता त्याच्या जॅबच्या टोकाला उभा राहून एकेक खात होतो, कारण मागे गेलो तर परत आत जायची हिंमत होणार नाही असं वाटत होतं.

म्हणून मला तुम्ही दोघं एकच गोष्ट दोन बाजूंनी धरून ओढताय असं वाटतं. घाबरतात सगळेच. प्रशिक्षक कस डी'अमाटो पोरांना तेच शिकवायचा, भीती आगीसारखी आहे, ताब्यात असली तर स्वयंपाक होतो, सुटली तर घर जळतं. आणि गंमत नाही, विचार करण्यासारखी गोष्ट आहे की पॅटरसनही त्याचाच पोरगा आणि टायसनही त्याचाच. तोच गार्ड, तेच शिक्षण. डी'अमाटोला पॅटरसन-लिस्टन फाइट नकोच होती, कारण त्याला दिसत होतं की लिस्टन पंचवीसेक पौंडांनी जड आणि हात ८४ इंचांचे. पॅटरसनचा सगळा फायदा वेगात, म्हणजे त्याने फिरायला हवं होतं. तो फिरलाच नाही, लिस्टनच्या जवळ जाऊन उभा राहिला. मला ते बघताना माझे पाय आठवतात. भीतीने त्याला हरवलं असं नाही म्हणणार मी, भीतीने त्याची स्टाइल काढून घेतली आणि मग लिस्टनने हरवलं.

संध्याकाळचा_जॅब

हातपट्टी, +१००. श्वासाचं अगदी खरंय.

मग उलटं उदाहरण कॅशियस क्ले (पुढचा मुहम्मद अली) विरुद्ध लिस्टनचं, फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. वेट-इनला (फाइटआधी वजन करताना) क्ले एवढा आरडाओरडा करत होता की नाडी १२० ला गेली, डॉक्टर म्हणाले हा भेदरलाय. सट्ट्यात भाव ७ ला १ त्याच्या विरुद्ध. आणि संध्याकाळी बेल वाजली तर तोच पोरगा डावीकडे फिरतोय, जॅब टाकतोय, लिस्टनचे ठोसे हवेत. सातव्या राउंडला लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. भीती होती का? माझ्या मते होती, भरपूर होती. पण पाय चालू होते.

निळा_कोपरा

हातपट्टी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पायांबद्दल लिहिलंत ते मला पटतंय, पण मग माझाच मुद्दा खरा होतो ना? माणूस स्टाइल घेऊन येतो आणि भीती ती काढून घेते, म्हणजे ठरवते भीतीच.

टोकियो घ्या, ११ फेब्रुवारी १९९०. बस्टर डग्लसच्या हातांचा पल्ला टायसनहून १२ इंच जास्त, जॅब सुंदर, उंची आहे, सगळं आहे. पण टायसनविरुद्ध उंच आणि लांब हाताचे आधीही आले होते, त्यांनी जॅब टाकायच्या ऐवजी मिठी मारली. डग्लसची आई २३ दिवस आधी वारली होती. त्या माणसाला आता टायसनची काय भीती वाटणार? आठव्याला पडला, उठला, आणि परत जॅबच टाकू लागला. भाव त्याच्याविरुद्ध ४२ ला १ होता आणि तो दहाव्यापर्यंत जॅब टाकत राहिला. शेवटी टायसन चार पायांवर, हात फिरवून गमशील्ड शोधतोय, सापडलं तर एक टोक तोंडात आणि दुसरं बाहेर लोंबतंय. ते दृश्य मी विसरू शकत नाही.

जमैका७३

टायसनच्या कॉर्नरकडे (कोपऱ्यातल्या मदतनीसांकडे) सूज दाबायचं लोखंडसुद्धा नव्हतं त्या दिवशी, रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून डोळ्यावर धरत होते. तयारीच नव्हती, डोकं हलवणं बंद, एकेक ठोसा मारून थांबणं. डग्लस निर्भय होता हे मान्य, पण पीटर मॅकनीली पण १९९५ ला बेल वाजल्याबरोबर टायसनच्या अंगावर धावून गेला होता, दीड मिनिटात त्याचा कॉर्नरवाला रिंगमध्ये शिरला. निर्भय असून १२ इंच नसतील तर काय उपयोग.

आणि टायसन फ्युरी विरुद्ध डिऑन्टे वाइल्डर बघा. तीच दोन माणसं. २०१८ ला फ्युरी मागे मागे खेळला, बाराव्याला असा पडला की उठेल असं वाटलं नव्हतं, फाइट ड्रॉ. इतकं खाल्ल्यावर भीती वाढायला हवी की कमी व्हायला? २०२० ला तो २७३ पौंड होऊन आला आणि पहिल्या राउंडपासून पुढे चालत गेला. वाइल्डरला मागच्या पायावर मारताच येत नाही. सातव्याला वाइल्डरच्या कॉर्नरने टॉवेल टाकला, म्हणजे हार मानली. मनात काय होतं ते फ्युरीला माहीत, रिंगमध्ये काय बदललं ते मला दिसतं.

हातपट्टी

पण वाइल्डरसमोर पुढे चालत जायला काय लागतं ते पण दिसतं ना जमैका? तो प्लॅन कागदावर कोणीही लिहील. त्या उजव्या हाताच्या दिशेने पहिलं पाऊल टाकायचं, ज्याने आपल्याला चौदा महिन्यांपूर्वी झोपवलं होतं. इव्हँडर होलिफील्डने १९९६ ला टायसनला तसंच मागे ढकललं, सगळ्यांना माहीत होतं की टायसनला मागे सरकवलं तर तो अर्धा होतो, करत कोणी नव्हतं.

निळा_कोपरा

हेच म्हणायचं होतं मला, नीट मांडता येत नव्हतं.

जमैका, एकच विचारतो. किंग्स्टनला सूचना चालू असताना फ्रेझर फोरमनच्या डोळ्यांत बघत राहिला. त्याने खाली बघितलं असतं, ते गुडघे दिसले असते, आणि फोरमनला कळलं असतं की याने पाहिलं. तरी तसंच झालं असतं?

जमैका७३

तसंच. १९७६ ला परत लढले ना दोघं, फ्रेझर टक्कल करून आला, सरळ आत घुसायचं सोडून अंतर राखून फिरत होता, फोरमन काय चीज आहे हे एव्हाना त्याला पुरतं माहीत होतं. पाचव्याला संपलं. त्याचे हात काही लांब झाले नव्हते.