चिपटे, मापटे, शेर: माप की वजन?

प्रश्न: आजीच्या पाककृतींच्या वहीत चकलीच्या भाजणीचे प्रमाण ‘शेरभर तांदूळ, मापटेभर हरभऱ्याची डाळ, चिपटेभर उडदाची डाळ, चिपटेभर पोहे’ असे लिहिले आहे. या शब्दांचे नेमके अर्थ कोणते, आणि हे प्रमाण ग्रॅममध्ये कसे मांडावे?

उत्तर: चिपटे आणि मापटे ही धान्य मोजण्याच्या भांड्यांची नावे असून त्यांचा तराजूशी संबंध नाही. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली होते. ‘शेर’ हा शब्द मात्र माप आणि वजन या दोन्हींसाठी चालत असे, आणि बहुतेक घोटाळा तिथेच होतो. तराजूवरचा ८० तोळ्यांचा पक्का शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा असे. अच्छेर (अर्धा शेर), पावशेर (पाव शेर) आणि छटाक (शेराचा सोळावा हिस्सा) हे त्याचे भाग. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत रूढ झाली, तरी पावशेर बोलण्यातून गेला नाही. मूळच्या २० तोळ्यांऐवजी, म्हणजे सुमारे २३३ ग्रॅमऐवजी, आज भाजीबाजारात त्याचा अर्थ २५० ग्रॅम असा घेतला जातो. आपल्या वहीत शेराच्या जोडीला मापटे आणि चिपटे आल्यामुळे तो मापाचाच शेर मानावा, आणि त्याच्या जागी ९३३ ग्रॅम लिहू नयेत.

वहीतले प्रमाण चारास दोन, दोनास एक असे आहे. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले, तर रूपांतराची गरजच उरत नाही, आणि माझ्या मते घरगुती भाजणीसाठी हाच मार्ग सर्वांत चांगला आहे. वजनच हवे असेल, तर प्रत्येक जिन्नस वेगळा पाहावा लागतो. २४० मिलिलिटरच्या कपात पाणी २४० ग्रॅम, साखर सुमारे २०० ग्रॅम आणि मैदा १२० ते १३० ग्रॅम भरतो. तांदूळ आणि डाळी याच कपात साधारण २०० ग्रॅमच्या आसपास बसत असल्याने मापाचे प्रमाण वजनातही जवळजवळ तसेच टिकते. पोहे मात्र फार हलके असतात, त्यामुळे उडदाच्या डाळीइतकेच ग्रॅम पोहे घेतले, तर भाजणीत ते दुपटीच्या आसपास जातील.

पुरवणी: वरील उत्तरात ‘शीग’ या शब्दाची भर घालावीशी वाटते. मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा ढीग म्हणजे शीग. ‘उत्साह शिगेला पोहोचला’ या प्रयोगातला शब्द हाच. जुन्या वहीत ‘शिगोशीग’ असे लिहिले असेल, तर सपाट वाटीपेक्षा जिन्नस बराच अधिक घ्यावा लागतो, आणि तसे काही लिहिले नसेल, तर काठावरून बोट फिरवून माप सपाट करावे. पिठाच्या बाबतीत ते चाळून हलक्या हाताने भरले की दाबून भरले, यानेही वजन बदलते. तेल आणि तूप पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणून भाजणीत मोहन घालताना चमच्याचे माप, म्हणजे मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि छोटा ५ मिलिलिटरचा, हेच धरून ठेवावे.