फलक काढले म्हणजे ज्ञानरचनावाद झाला?

सांजवारा: काल एकाने ठासून लिहिलं की संग्रहालयातले फलक काढून टाका, प्रेक्षक आपला अर्थ आपणच रचेल, हाच ज्ञानरचनावाद (शिकणारा आपलं ज्ञान स्वतः घडवतो, हा विचार). वाचून राहवलं नाही. संग्रहालयातल्या शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज हाइन यांनी मांडलेल्या रचनावादी संग्रहालयात शिरायच्या वाटा अनेक असतात, एकाच वस्तूकडे पाहायचे दृष्टिकोन अनेक असतात. माहिती पुसून टाका असं ते कुठे म्हणतात?

भिंगरी: कालचं मीच लिहिलं होतं आणि मतावर ठाम आहे. माझी मुलगी लंबकाशी खेळत होती. दोरी लांब केली की तो सावकाश झुलतो, हे तिच्या लक्षात यायच्या बेतात होतं. तेवढ्यात मार्गदर्शकाने उत्तर सांगून टाकलं. ती दोरी सोडून निघून गेली. फलक हेच करतात.

काटेकोर: मग चूक मार्गदर्शकाची, फलकाची नाही. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा लेख वाचा. नवख्याला मोकळं सोडलं की स्मरणशक्तीवर ताण येतो, शिकणं मागे पडतं.

भिंगरी: तो लेख शिकवण्याच्या पद्धतींबद्दल आहे. संग्रहालयात कंटाळलेला माणूस सरळ चालू लागतो. वर्गाचं मोजमाप इथे लावू नका!

पाणवठा: फलकांवर कसले भांडताय? खरा घात टचस्क्रीनने केलाय. एकजण बोटं फिरवतो, बाकी घर मागे ताटकळत उभं. माणूस इतरांच्या सोबतीने शिकतो म्हणणाऱ्या मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कीचं नाव घ्यायचं आणि यंत्र एकट्याचं बनवायचं!

अंतर्नाद: माझी दृष्टी अधू आहे. काचेतली वस्तू मला दिसत नाही, त्या पडद्यावर मोठी करून दिसते. सरसकट शिव्या देण्याआधी विचार करा.

पाणवठा: तुमच्यासाठी हाताळता येणारी प्रतिकृती हवी, पडदा नव्हे.

अंतर्नाद: मला काय हवं ते तुम्ही ठरवणार? प्रतिकृतीवर रंग कळत नाहीत. दोन्ही हवं.

पाणवठा: बरं, तुमचा पडदा राहू दे. पण चौघांना एकत्र बघता येईल एवढा मोठा करा.

काटेकोर: नुसतं मोठं करून भागत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियम या हाताळून बघायच्या विज्ञान संग्रहालयातल्याच अ‍ॅलन आणि गटविल यांनी २००४ मध्ये लिहिलंय, एकाच मांडणीत हाताळायचे सारख्याच ठळकपणाचे पर्याय खूप झाले की लोक गोंधळतात; अनेकांनी एकदम हात घातला की एकमेकांचं बिघडवतात.

भिंगरी: म्हणजे मांडणी नीट करा. मी दुसरं काय म्हणतेय?

सांजवारा: तुम्ही "फलक काढा" म्हणालात!

भिंगरी: ठीक, ठेवा फलक. पण त्यावर आधी करून बघायला सांगा, उत्तर मागच्या बाजूला छापा. याच्यापुढे मी हटणार नाही.