उपाय हाती असताना तो न देणं: 'डिअर डॉक्टर'मधल्या फ्लॉक्सचं तुम्हाला पटलं का?

परिचारिका:
'स्टार ट्रेक: एंटरप्राइज'चा 'डिअर डॉक्टर' (२००२) हा भाग परत पाहिला आणि राग अजून शमलेला नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: वलाकियन लोकांना जनुकीय रोग जडलाय, दोनेक शतकांत त्यांचा निर्वंश होणार. मदत शोधत ते अंतराळात निघतात आणि कॅप्टन आर्चरच्या यानाशी त्यांची गाठ पडते. यानावरचा डॉक्टर फ्लॉक्स उपाय शोधूनही काढतो. पण त्याच ग्रहावर मेंक ही दुसरी बुद्धिमान जमात आहे. वलाकियनांच्या हाताखाली, नापीक जमिनीवर राहणारी. तिला हा रोग होत नाही. फ्लॉक्सच्या मते मेंक उत्क्रांतीच्या उंबरठ्यावर आहेत आणि वलाकियन वाचले तर त्यांना वाव मिळणार नाही. आर्चर आधी वाद घालतो, मग मान्य करतो. वलाकियनांना मिळतं फक्त दहाएक वर्षं त्रास कमी ठेवणारं औषध.

मी उपशामक सेवेच्या वॉर्डात काम करते. दुखणं कमी करणं, श्वास सुसह्य करणं, हेच आमचं काम. ते मी ताठ मानेने करते, कारण रोगावर इलाज उरलेला नसतो आणि हे रुग्णाला, घरच्यांना सांगितलेलं असतं. इलाज खिशात ठेवून वरवरचं औषध हातावर टेकवायचं, आणि समोरचा आभार मानत असताना गप्प राहायचं? याला नैतिक पेच म्हणायचं?

शिक्षक_जीवशास्त्र:
ताई, सहमत. माझा आक्षेप आणखी खालचा आहे, फ्लॉक्सच्या विज्ञानावरच. उत्क्रांतीला मुक्काम नसतो. 'आता यांची पाळी' असं ती ठरवत नाही. मेंक पुढे जातीलही, तसेच राहतीलही. मुलांना वर्गात मी हे वर्षानुवर्षं सांगतो आणि मालिकेतला निष्णात डॉक्टर नेमका तोच गैरसमज घेऊन एका अख्ख्या जमातीचा निवाडा करतो. रोग जनुकीय आहे म्हणून हात लावायचा नाही, हे तर मुळीच पटत नाही. सिकलसेलवरच्या जनुक-संपादन उपचाराला २०२३ साली ब्रिटन आणि अमेरिकेत मंजुरी मिळाली. तो निसर्गात ढवळाढवळ म्हणून नाकारायचा का?

धूमकेतू:
थोडी दुसरी बाजू. विज्ञान कच्चं आहे, मान्य. पण मेंकचा विचार करा ना. वलाकियन त्यांना प्रेमाने वागवतात, पण पाळलेल्यांसारखं. आपण आलो, एका बाजूला जीवदान दिलं आणि निघून गेलो, तर ती उतरंड आपण कायमची केली. बाहेरून आलेल्याने कुणाच्या पारड्यात वजन टाकायचं? आर्चरच्या काळात प्राइम डायरेक्टिव्ह, म्हणजे परक्या संस्कृतींच्या वाटचालीत हात घालायचा नाही हा नियम, अजून लिहिलेलाच नाही, त्याला एकट्याला ठरवायचं होतं. मला तो क्रूर वाटला नाही, घाबरलेला वाटला.

परिचारिका:
धूमकेतू, मेंकबद्दलची कळकळ पटते. पण मेंकना कुणी विचारलं? फ्लॉक्स त्यांच्यात वावरतो, त्यांची हुशारी बघून हरखतो, आणि त्यांच्या नावाने होणारा निर्णय त्यांच्यासमोर ठेवत नाही. शेजारी मेले तर तुमचं भलं होईल, चालेल का, असं विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते? मला वाटतं, त्यांनी औषध द्यायला सांगितलं असतं. आणि उतरंड मोडायची तर औषध देताना जमिनीची, हक्कांची बोलणी करता आली असती. कॅप्टन लोक वाटाघाटी करतातच की!

'स्टार ट्रेक'च्याच 'व्हॉयेजर' मालिकेतला 'टूविक्स' (१९९६) हा भाग आठवा. ट्रान्सपोर्टरच्या (माणसाला क्षणात एका जागेहून दुसरीकडे पाठवणारं यंत्र) अपघातात दोघांचा मिळून एक नवा माणूस तयार होतो. त्याला पुन्हा वेगळं करायचं ठरतं, तेव्हा तो जगू द्या म्हणून विनवतो. होलोग्राम डॉक्टर साफ नकार देतो: रुग्णाच्या इच्छेविरुद्ध जीव घेणार नाही. कॅप्टन जेनवेला ते स्वतःच्या हाताने करावं लागतं. दोन डॉक्टरांपैकी मला तो होलोग्रामच जवळचा.

निशाचर:
याच आर्चरचा 'डॅमेज' (२००४) बघितलाय का? पृथ्वी वाचवायला निघालेला, यान मोडलेलं. इलिरियन नावाच्या निरपराध लोकांच्या यानावर तो हल्ला करतो आणि त्यांची वॉर्प कॉइल, म्हणजे प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जायला लागणारा इंजिनाचा भाग, काढून घेतो. त्यांना घरी पोचायला आता तीन वर्षं लागणार. कृत्य उघड चाचेगिरीचं. पण तिथे आपण वाईट करतोय हे त्याला कळतं, समोरच्या कॅप्टनच्या नजरेला नजर देऊन तो ते करतो, पर्याय नाही म्हणतो. वलाकियनांना मात्र आपण काय नाकारलं हे तो सांगतही नाही. मला 'डॅमेज'मधला आर्चर जास्त प्रामाणिक वाटतो, आणि 'डिअर डॉक्टर'मधला जास्त धोक्याचा.