दादाचं स्लीव्हचं ऑपरेशन झालं, वजन फारसं उतरलं नाही पण शुगर उतरली, असं कसं?

इंदिरानगरकर
दादा ४६ वर्षांचा, सातपूरला कंपनीत शिफ्टला असतो. नऊ वर्षांपासून डायबेटिस, रात्री इन्सुलिन घेऊनही उपाशीपोटी १८०च्या खाली यायची नाही. मागच्या आठवड्यात वजनाचं ऑपरेशन झालं, स्लीव्हवालं. आता सकाळी मीटरवर ११८, डिस्चार्जलाच डॉक्टरांनी इन्सुलिन बंद केलं. वजन जेमतेम दोन-तीन किलो उतरलंय, मग हे कसं काय? वडील तर गल्लीत पेढे वाटत सुटलेत की पोराचा डायबेटिस गेला.

गंगापूररोडवाला
अहो तो सध्या खातोय किती ते बघा ना, सूप, ताक, प्रोटीन पावडर. एवढं कमी पोटात गेलं की लिव्हरमधली चरबी काही दिवसांतच उतरायला लागते आणि लिव्हर परत इन्सुलिनचं ऐकायला लागतं, म्हणजे रात्रभर रक्तात साखर सोडत बसत नाही, म्हणून उपाशीपोटीची शुगर आधी पडते. दुसरं म्हणजे स्लीव्हमध्ये जठराचा ७५-८० टक्के भाग काढतात, उरलेल्या नळीतून अन्न पटकन आतड्यात उतरतं आणि तिथून जीएलपी-१ नावाचं हार्मोन जेवणानंतर भरपूर सुटतं, ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. हल्लीची ती सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं ह्याच हार्मोनची नक्कल आहेत. बायपासमध्ये (हृदयाचा नव्हे, वजनाचाच, ज्यात जठर लहान करून अन्न थेट आतड्यात पुढे सोडतात) हा प्रकार अजून जोरात.

पण "गेला" नका म्हणू. औषधाशिवाय किमान ३ महिने एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) ६.५ टक्क्यांच्या खाली राहिलं तर त्याला रेमिशन म्हणतात. स्वीडनच्या मोठ्या अभ्यासात २ वर्षांनी ७२ टक्के लोकांची शुगर अशी आटोक्यात होती, १० वर्षांनी ३६ टक्केच (तेव्हाची ऑपरेशनं वेगळी होती म्हणा, पण कल यायला पुरे). डायबेटिस जुना आणि इन्सुलिनवर असेल तर स्वादुपिंडात दम किती उरलाय ह्यावर सगळं. सी-पेप्टाइड (स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी रक्ततपासणी) केली होती का आधी?

सातपूर_शिफ्ट
एवढे लाख घालवण्यापेक्षा भात-साखर सोडली असती तर फुकटात झालं असतं.

गंगापूररोडवाला
काहींना जमतं, नाही कोण म्हणतंय. पण क्लीव्हलँड क्लिनिकच्या स्टॅम्पीड ट्रायलमध्ये ५ वर्षांनी एचबीए१सी ६ किंवा खाली असलेले बायपासवाले २९ टक्के, स्लीव्हवाले २३ आणि नुसत्या औषधोपचारावरचे ५.

पंचवटीची_ताई
माझा बायपास आहे, तीन वर्षं झाली. शुगर वाढायची भीती गेली आणि उतरायची आली बघा. मखमलाबाद रोडला मिसळ खाल्ली, वर दोन जिलेब्या, दीड-दोन तासांनी दरदरून घाम, हात थरथरतायत, मीटरवर ५४! गोड एकदम आतड्यात उतरतं आणि इन्सुलिन नको इतकं सुटतं. हे बायपासवाल्यांना जास्त होतं पण स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं, बहुतेक वेळा वर्षभरानंतर. आता आधी मटकी-अंडं असं काहीतरी, गोड शेवटी चमचाभर. आणि बी१२, लोह, व्हिटॅमिन डी कायम चालू, त्यात शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी१२ अजूनच घसरतं.

इंदिरानगरकर
ताई, हे कोणी सांगितलंच नव्हतं. सी-पेप्टाइडचं फाइलमध्ये बघतो. घरात ग्लिमेपिराइडची, म्हणजे शुगरच्या गोळ्यांची, स्ट्रिप उरलीय, आई म्हणते अर्धी देऊ, बंद करून एकदम वाढायला नको.

गंगापूररोडवाला
आईंना सांगा अजिबात नको! ती गोळी स्वादुपिंड पिळून इन्सुलिन काढते, तो खातोय चार घोट, शुगर धाडकन पडेल. रोज सकाळची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर वहीत लिहा, वाढली तर त्याच डॉक्टरांना फोन करा.