चेकबुकं रद्दीत घाला म्हणणाऱ्यांना

खजिनदार_डोंबिवली
परवा एकाने लिहिलं, ‘अजून चेक देणारे लोक दुसऱ्याचा वेळ खातात. चेकबुकं रद्दीत घाला, बँकेतली रांग संपवा.’ खाली सगळ्यांनी धडाधड अंगठे दिले. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

सोसायटीचा खजिनदार म्हणून माझं हे सातवं वर्ष. ६४ फ्लॅट. चाळीसेक जण यूपीआयने मेंटेनन्स भरतात. महिनाअखेरीला स्टेटमेंट उघडतो तेव्हा निम्म्या नोंदींवर फ्लॅट नंबरच नसतो. कुणी बायकोच्या खात्यातून भरलेलं, कुणाच्या भाडेकरूने परस्पर टाकलेलं. मग फोन करत बसा. चेकवाल्यांचं तसं नाही. मागच्या बाजूला फ्लॅट नंबर, महिना, मोबाइल. पेटी उघडली, स्लिप भरली, विषय संपला.

आणि पैसे बाहेर जाताना तर चेकला तोड नाही. प्रत्येक चेकवर माझी आणि सेक्रेटरींची सही लागते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा १,८०,००० रुपयांचा चेक मी मे महिन्यात लिहून ठेवला होता. सेक्रेटरींनी पेन उघडलं आणि विचारलं, पाणी भरून बघितलं का? बघितलं नव्हतं. पेन बंद केलं. आठ दिवस चेक माझ्या कपाटात. टाकीजवळचा कोपरा पाझरत होता, कंत्राटदाराने तो पुन्हा नीट करून दिला, मग दुसरी सही झाली. मोबाइलवरून दिले असते तर पैसे त्याच संध्याकाळी गेले असते.

घोडबंदर
ती पोस्ट माझी, आणि एक शब्दही मागे घेत नाही.

काका, दोन सह्यांसाठी कागद लागत नाही. नेटबँकिंगमध्ये एकाने एन्ट्री करायची, दुसऱ्याने मंजुरी द्यायची, ही सोय कधीपासून आहे. तुमच्या सेक्रेटरींनी तो प्रश्न तिथेही विचारला असता. कोपरा माणसाने शोधला, चेकने नाही.

आता माझं ऐका. २०२३ मध्ये बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. पेन्शनचं खातं एकट्याच्या नावावर, त्यांच्याकडे फक्त चेकबुक. डाव्या हाताने सही केली, चेक परत. कारण: सही जुळत नाही. दुसऱ्यांदा मी हात धरून करवली, पुन्हा परत. इकडे हॉस्पिटल डिपॉझिट मागतंय, तिकडे बाबांचेच पैसे बाबांना मिळत नाहीत. तो परतीचा मेमो अजून पाकिटात आहे माझ्या. म्हाताऱ्या माणसांसाठी चेक सोयीचा, असं मला कुणी सांगू नका.

भोसरी_वर्कशॉप
सोसायटीचं राहू द्या, धंद्याचं बोला. मी जॉबवर्क करतो. माल आधी जातो, पैसे ६० नाहीतर ९० दिवसांनी. पार्टीकडून पुढच्या तारखेचा चेक घेतल्याशिवाय टेम्पो गेटबाहेर सोडत नाही. यूपीआयमध्ये ‘टाकतो साहेब’ हेच हातात राहतं. चेक बाउन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आहे. मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्याला भरायला १५ दिवस, नाही भरले तर त्यानंतर महिनाभरात कोर्टात तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड. नुसत्या नोटिशीवर माझे तीनदा पैसे आलेत.

घोडबंदर
आणि चौथ्यांदा?

भोसरी_वर्कशॉप
चौथी केस २०१९ पासून चालू आहे. खोटं कशाला बोलू. तारखेला गेलं की मशीन बंद, दिवस बुडतो. पण केस आहे तरी! तोंडी बोलीवर तीही नसती.

घोडबंदर
या केसेस इतक्या साचल्यात की २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाला त्या लवकर निकाली काढण्यासाठी सूचना द्याव्या लागल्या. आणि शिक्षा फक्त चेकलाच आहे असं नाही. नाच मँडेट, म्हणजे ठरल्या तारखेला खात्यातून पैसे वळते करायची आगाऊ लेखी परवानगी, पैशांअभावी परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५ लागतं. शिक्षा तीच.

भोसरी_वर्कशॉप
कलम २५ माहीत नव्हतं, मान्य. पण मोठी कंपनी माझ्यासारख्या छोट्याला मँडेट भरून देईल? चेक फाडून देते, कारण तशी रीत आहे. ती रीत मोडलीत तर माझ्या हातात काय उरलं ते सांगा.

देवनागरी
माझं दुखणं वेगळं आहे. मी आयुष्यभर चेक मराठीत लिहिले. गेल्या वर्षी सुताराला २५,००० चा दिला. नाव मराठीत, अक्षरी ‘पंचवीस हजार फक्त’, आकडे देवनागरीत. त्याच्या बँकेतल्या काउंटरवरच्या मुलाने उलटसुलट करून बघितला आणि ‘इंग्लिश में लिख के लाओ’ म्हणून हातात परत दिला. ठाणे जिल्ह्यात! ॲपमध्ये तर मराठीत लिहायला रकानाच नसतो. चेक ही एकच जागा उरली आहे जिथे मी माझ्या भाषेत पैसे देऊ शकतो.

निवृत्त_कॅशियर
देवनागरी, तुमची बाजू पक्की आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचना स्पष्ट आहेत. चेकचा फॉर्म हिंदी-इंग्रजीत छापायचा, भरणाऱ्याने हिंदी, इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषेत भरावा. शक संवतातली तारीखसुद्धा चालते, ते आपलं राष्ट्रीय कॅलेंडर आहे. आमच्याकडे एक संस्कृतचे सर ‘भाद्रपद’ घालून चेक द्यायचे. मुदत मोजायला आम्ही पंचांग काढायचो, पण पास करायचो. त्या मुलाला हे कुणी शिकवलंच नाही.

घोडबंदर
धागा चेकचा की भाषेचा? तुमच्या अभिमानापायी तो सुतार पैशांसाठी ताटकळला, त्याचं काय?

देवनागरी
तो ताटकळला नाही. त्याच दिवशी एटीएममधून दोनदा काढून त्याच्या हातात ठेवले. न विचारता माणसाला सुताराच्या पोटावर पाय देणारा ठरवता? तुमचा क्यूआर कुठल्याच भाषेत नाही, म्हणून तुम्हाला दुखत नाही.

लेस्टरहून_मनीषा
जरा थांबा दोघंही. इकडे ब्रिटनमध्ये २००९ साली पेमेंट्स काउन्सिलने २०१८ पर्यंत चेक क्लिअरिंग बंद करायचं ठरवलं होतं. म्हातारी माणसं, धर्मादाय संस्था, खासदार, सगळे इतके तुटून पडले की २०११ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. वापर कमी होणं वेगळं आणि बंद करणं वेगळं.

देवनागरी
तिकडे चेक कुठल्या भाषेत लिहायचा यावर कुणी हटकत नसेल.

लेस्टरहून_मनीषा
वेल्समध्ये वेल्श भाषेत लिहितात.

देवनागरी
बघा! आणि आपण आपल्याच राज्यात ‘इंग्लिश में लिख के लाओ’ ऐकून घ्यायचं. निवृत्त कॅशियर, त्या सूचनेची प्रत मिळेल का? कोट्यवधी लोकांची भाषा आहे ही, लॅमिनेट करून पाकिटात ठेवीन.

निवृत्त_कॅशियर
काढून देतो. पण आता कागद पुढे जातच नाही, त्याचं चित्र जातं. पास करणारा कुठल्या शहरात बसलाय ते तुम्हाला कळत नाही. तेव्हा काउंटरवर भांडून पुरणार नाही, लेखी तक्रार करा. आणि मराठीत लिहिताना खाडाखोड नको. सीटीएस, म्हणजे ही चित्र पाठवायची पद्धत, आल्यापासून नाव किंवा रक्कम दुरुस्त करून शेजारी सही करायची सोय राहिलेली नाही.

घोडबंदर
म्हणजे भाषाप्रेमींनाही चेक धड पास होईल याची खात्री नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटणार असं जाहीर झालं आणि मी दिवाळीच्या तोंडावर भरलेला चेक नऊ दिवस लोंबकळला. पन्नास हजारांच्या पुढे पॉझिटिव्ह पे, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधी कळवायचा. पाच लाखांच्या वर तर तपशील आधी कळवल्याशिवाय कितीतरी बँका चेक पासच करत नाहीत. तो भरायला पुन्हा ॲप, नाहीतर शाखेत खेप. कागद पास करून घ्यायला मोबाइल लागणार असेल तर कागद हवा कशाला?

खजिनदार_डोंबिवली
यातलं पॉझिटिव्ह पेचं बोलणं खरं आहे. आमच्या सत्तरीच्या मंडळींना ते मीच भरून देतो. आणि हो, एकाने एन्ट्री, दुसऱ्याने मंजुरी हे बँकेत विचारून आलो. होतं. सेक्रेटरींना ओटीपी घेता येत नाही ही आमची अडचण, तुमची चूक नाही. पण १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय बंद पडलं तेव्हा टँकरवाल्याला काय दिलं विचारा. चेक.

घोडबंदर
त्या दिवशी मीही रोख दिले. असो. तुमच्या सोसायटीत चेक ठेवा, मी अडवत नाही. दुसऱ्यांवर लादू नका.

निवृत्त_कॅशियर
घोडबंदर, तुमच्या वडिलांचं वाचल्यापासून मन लागत नाही. सही करता येत नसेल तर अंगठा चालतो. हाताचा नसेल तर पायाचासुद्धा. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. माणूस बँकेत येऊ शकत नसेल तर अधिकाऱ्याने त्याच्याकडे जायचं. मी स्वतः दोन हॉस्पिटलांत स्टँप पॅड घेऊन गेलोय. तुमच्या शाखेने हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, ती आमच्या लोकांची चूक. पुढच्या वेळी थेट मॅनेजरकडे जा आणि हाच नियम दाखवा.

घोडबंदर
बाबा गेले. २०२४ च्या जानेवारीत.

डिपॉझिट शेवटी माझ्या मेहुण्याने भरलं, यूपीआयने, दोन दिवसांत दोन हप्त्यांत. लाखाची मर्यादा होती. तेव्हा शाखेत मी तीनदा गेलो होतो, अंगठ्याचं एकानेही काढलं नाही. सासूबाईंचं खातं अजून एकटीच्या नावावर आहे. तो नियम कसा मांडायचा, अर्ज कुणाच्या नावे करायचा, तेवढं लिहा.

निवृत्त_कॅशियर
लिहितो. आज रात्री मसुदा टाकतो, मराठीत.