मदत हवी आहे: टोमॅटोवरची टुटा कीड कामोणीवर टिकते का?

जुन्नर तालुक्यात आमचा अर्धा एकर टोमॅटो आहे. पानांवर साध्या नागअळीच्या बारीक नागमोडी रेषा नाहीत, तर रुंद, पारदर्शक चट्टे आहेत आणि आत काळी विष्ठा. फळांनाही देठाजवळ टाचणीएवढी भोकं. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारा सापळा) सेंटिमीटरही न भरणारे राखाडी पतंग अडकले, म्हणजे ही टुटाच. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही कीड २००६मध्ये स्पेनमध्ये पोचली आणि २०१४मध्ये आपल्या महाराष्ट्रात. बटाटा, वांगंही ती सोडत नाही.

माझी काळजी बांधावरच्या कामोणीची, म्हणजे टोमॅटोच्याच कुळातल्या रानभाजीची आहे. शेजारच्या आजी तिची भाजी करतात, म्हणून उपटायला हात धजत नाही. टोमॅटो काढल्यावर टुटा तिच्यावर तग धरते का? कामोणीच्या पानात अळी कुणी स्वतः पाहिली आहे का? पुढं तिथंच वांगी लावायची आहेत.