मदत हवी आहे: गॅलॅक्टसच्या मोठ्या फिगरचे मूल्यांकन कसे करायचे?

शिरस्त्राणधारी
मार्व्हल कॉमिक्समधल्या ग्रह खाणाऱ्या महाकाय गॅलॅक्टसची मोठी फिगर आहे. रंग चांगला आहे, शिरस्त्राणाची दोन्ही शिंगे शाबूत. डावा गुडघा ढिला, दिवे लागत नाहीत. उद्या सकाळपर्यंत आकडा सांगायचा आहे. किती धरू? शक्यतो नेमके उत्तर द्या, नेटवर नुसता गोंधळ आहे.

मोजपट्टी
उंची किती?

खोक्यासकट
खोका आहे का? सोबतच्या वस्तू? आणि तुम्ही घेताय की विकताय? त्यावर निम्मे उत्तर अवलंबून आहे.

हेराल्ड_क्रमांक_एक
दिवे आहेत म्हणजे २०२१ची हॅसलॅबचीच (हॅस्ब्रो या खेळणी कंपनीची आगाऊ मागणीवर फिगर बनवणारी योजना). ३२ इंची. आगाऊ मागणी घेऊन बनवली होती, लक्ष्य १४ हजार मागण्यांचे होते आणि प्रत्यक्षात ३० हजारांहून जास्त आल्या. बदलायचे चेहरे सगळे आहेत का ते आधी बघा. चेहरे नसतील तर घेऊच नका.

मोजपट्टी
हेराल्ड, दिव्यांवरून एवढी उडी मारू नका. दिवे असलेला गॅलॅक्टस एकच नाही. मोठ्या गॅलॅक्टसच्या चार आवृत्त्या सर्रास दिसतात. टॉय बिझ या खेळणी कंपनीची नव्वदच्या दशकातली १४ इंची, म्हणजे साधारण ३६ सेंमी. टॉय बिझचीच २००५ची, मार्व्हल लेजेंड्सच्या नवव्या मालिकेतल्या प्रत्येक फिगरसोबत एकेक भाग मिळायचा आणि ते जोडून गॅलॅक्टस उभा राहायचा, ती सुमारे ४१ सेंमी. हॅस्ब्रोची २०१०ची १९ इंची, म्हणजे ४८ सेंमी. आणि हॅसलॅबची ३२ इंची, म्हणजे ८१ सेंमी. फिगर भिंतीला टेकवून गुडघे सरळ करा, तळव्यापासून शिरस्त्राणाच्या माथ्यापर्यंत मोजा. गुडघा ढिला असेल तर तो हाताने ताठ धरून मोजा, नाहीतर माप कमी येईल.

शिरस्त्राणधारी
४८ सेंमी. अंगावर हॅस्ब्रोचे नाव आणि साल कोरलेले आहे. साल दिसतेय म्हणजे वय कळलेच ना? विकायची आहे, माझ्याकडेच आहे. खोका नाही.

मोजपट्टी
मग २०१०ची, मार्व्हल युनिव्हर्स मास्टरवर्क्स. हॅस्ब्रोचे नाव असल्याने टॉय बिझच्या दोन्ही आपोआप बाद आणि ४८ सेंमी म्हणजे हॅसलॅबही नाही. मात्र कोरलेल्या सालावर विसंबू नका. ते हक्काचे साल असते, साचा किंवा आराखडा नोंदवला त्या वर्षाचे. त्याच साच्यातून पुढे काही वर्षांनी निघालेल्या फिगरवरही तेच साल राहते. जाहिरातीत 'अमुक साली बनलेली' असे लिहू नका. उंची, निर्माता आणि आवृत्तीचे नाव एवढेच लिहा.

खोक्यासकट
आता खरा प्रश्न. २०१०च्या त्या गॅलॅक्टससोबत त्याचा दूत सिल्व्हर सर्फर होता, पावणेचार इंची, त्याच्या फळीसकट. तो आहे का?

शिरस्त्राणधारी
सर्फर आहे. फळी नाही. गुडघ्याचे आणि दिव्यांचे कोणी सांगेल का?

सांधेजोड
गुडघा हळू वाकवा आणि कान देऊन ऐका. कट् कट् आवाज येत असेल तर आत दात्यांचे चाक आहे, म्हणजे रॅचेट. आवाज येतोय पण सांधा घसरतोय, तर दाते झिजलेत किंवा दोन्ही अर्धे भाग एकमेकांपासून सुटलेत. आवाजच नसेल आणि पाय लोंबत असेल तर आतली खुंटी तडकली असण्याची शक्यता जास्त. गुडघ्याच्या मागे स्क्रू आहे का? असेल तर आधी तो पाव फेरा घट्ट करून बघा. पुष्कळदा दुखणे तेवढेच असते. जास्त आवळू नका, स्क्रू प्लास्टिकमध्ये फिरत राहिला की प्लास्टिकचे आटे कायमचे जातात.

झटपट_गोंद
सोपा उपाय: सांध्यात सायनोअक्रिलेटचा (सुपरग्लू) एक थेंब, सुकेपर्यंत हलवत राहा. पाच मिनिटांत घट्ट.

सांधेजोड
विकायच्या फिगरला हे अजिबात करू नका. सायनोअक्रिलेटची वाफ आजूबाजूच्या रंगावर पांढरा धुरकट थर बसवते, गडद जांभळ्यावर तो लगेच दिसतो. वर सांधा धरला आणि कोणी जोर लावला की खुंटी मोडते. घर्षणावर चालणारा सांधा असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक अक्रिलिक वार्निशचे दोन-तीन पातळ हात पुरतात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा आणि वाळताना सांधा हलवत राहायचे. दात्यांच्या सांध्याला यातले काहीच लागू नाही, वार्निश दात्यांत साचते आणि पुढचा दुरुस्त करणारा वैतागतो.

झटपट_गोंद
बारीक सुईने गोंद लावला तर धूर बसत नाही. अतिरेक करू नका.

सांधेजोड
सुईने थेंब लहान होतो, पण वाफ व्हायची ती होतेच. दमट हवेत जास्त.

हेराल्ड_क्रमांक_एक
अवांतर: शीर्षकात खलनायक लिहिले नाही हे बरे केले. १९६६ साली फँटॅस्टिक फोर या कॉमिकच्या ४८व्या अंकात आला तेव्हापासून तो भुकेपोटी ग्रह खातो, द्वेषाने नाही. जाहिरातीत खलनायक लिहिलेत तर जाणकार दुरुस्त करतील.

मोजपट्टी
शोधणारे लोक खलनायक असेच टंकतात. जाहिरातीत लिहा, वाद वेगळ्या धाग्यावर.

तारजोड
दिव्यांकडे या. 'बॅटरी संपली असेल' असे लिहून विकू नका, घेणारा आधी कप्पाच उघडतो. झाकण काढा, जुन्या बॅटऱ्या असतील तर हातमोजे घालून काढा. पांढरी भुकटी म्हणजे अल्कलाइन बॅटरीतून पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळून हवेत सुकलेले. हिरवा-निळा थर म्हणजे तांबे किंवा पितळ गंजलेले. व्हिनेगरमध्ये जेमतेम भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा, फेस थांबला की शुद्ध पाण्याच्या काडीने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या. अल्कोहोल रंगवलेल्या भागावर सांडू नका, रंग उचलला जातो. स्प्रिंग बारीक सँडपेपरने चमकवा. नव्या बॅटऱ्या घालून मल्टिमीटरने दोन टोकांवर व्होल्टेज बघा. टोकांवर आहे आणि दिवा नाही, तर स्प्रिंगला डकवलेली तार तपासा. गळती तारेच्या आवरणाच्या आतून वर चढते. आवरण थोडे सोलले आणि तांबे काळे निघाले तर ती तार बदलावीच लागते, काळ्या तारेवर सोल्डर बसत नाही.

शिरस्त्राणधारी
कप्पा उघडला. एका टोकाला हिरवा थर होता. पुसला, नव्या बॅटऱ्या घातल्या. आवाज येतोय, दिवे नाहीत.

तारजोड
उत्तम, म्हणजे वीज आतल्या सर्किट बोर्डापर्यंत पोचतेय. आता दोष दिव्यांच्या तारांत किंवा एलईडीत. बोर्डाकडून दिव्यांकडे जाणारी तार फिरत्या सांध्यातून जात असेल तर तिथेच तुटते. बटण दाबून ठेवून तो सांधा हळू फिरवा. क्षणभर जरी उजेड लुकलुकला तरी तार तुटलेली, एलईडी ठीक. धड उघडू नका. काही ठिकाणी अर्धे भाग गोंदाने डकवलेले असू शकतात, पाते घातले की कड खरवडते आणि दिव्यांच्या दोषापेक्षा ती खरवड जास्त किंमत पाडते.

कपाट_काचेचे
फिगर ठेवायला शेल्फची खोली किमान ३० सेंमी घ्या, शिंगे काचेला टेकू देऊ नका. थेट उन्हात नको.

खोक्यासकट
ती विकली जातेय, ठेवायची नाही. पण उन्हावरून आठवले: एकदा अतिनील टॉर्चखाली अंधारात फिरवून बघा. दुरुस्तीचा रंग, गोंद किंवा बदललेला भाग मूळ प्लास्टिकपेक्षा वेगळा चमकतो. आणि अंग चिकट लागतेय का? मऊ पीव्हीसीतून प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य) वर येतो, कोमट साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसला की जातो, काही महिन्यांनी परत येतो. तेही जाहिरातीत लिहा. मेलामाइन स्पंज वापरू नका, तो बारीक सँडपेपरच असतो.

ग्रेडवाला
सरळ व्यावसायिक ग्रेडिंगला (तज्ज्ञांकडून अवस्थेचा दर्जा ठरवून घ्यायला) पाठवा, प्रमाणपत्र आले की किंमत आपोआप वर.

मोजपट्टी
सुटी फिगर, दिवे बंद, गुडघा ढिला, फळी गायब. यावर ग्रेडिंगचा खर्च कधीच वसूल होणार नाही. तो खर्च बंद खोक्यातल्या निर्दोष फिगरवर करतात. इथे स्वतःच प्रामाणिकपणे सी-पट्टीवर, म्हणजे संग्राहकांच्या अवस्थेच्या पट्टीवर ठेवा: सी-१० म्हणजे निर्दोष, ही सी-६ ते सी-७.

शिरस्त्राणधारी
आकडा? उद्या सकाळी हवा आहे.

ग्रेडवाला
दिवे बंद असले की सरळ चाळीस टक्के कमी धरा.

मोजपट्टी
टक्क्यांनी नको, दोष प्रत्येकाचा वेगळा मोजा. ईबेवर 'विकले गेलेले' ही गाळणी लावा. लोक मागतात ती किंमत सोडून द्या, ती वर्षानुवर्षे तशीच लटकलेली असते. फक्त १९ इंची, सुटी, दिवे चालू असलेली निवडा. पाठवणीचा खर्च त्यात धरला आहे का ते प्रत्येक ठिकाणी बघा आणि असल्यास वजा करा. सर्वात महाग आणि सर्वात स्वस्त सोडून मधली किंमत घ्या. त्यातून सर्फरची फळी सुटी मिळते त्या किमतीइतके पैसे पाठवणीसकट वजा. दिव्यांसाठी दुरुस्तीचा खर्च वजा करू नका, त्याऐवजी 'दिवे बंद, आवाज चालू' लिहून विकलेल्या एक-दोन फिगर शोधा आणि तो फरक घ्या. गुडघा स्क्रूने घट्ट झाला तर काहीच वजा नको, फक्त चित्रफीत टाका.

शिरस्त्राणधारी
गुडघ्यामागे स्क्रू आहे. पाव फेऱ्यात कट् कट् परत आले, पाय उभा राहतोय. सांधा फिरवताना एक डोळा लुकलुकला.

तारजोड
मग एलईडी जिवंत आहे. 'तार सैल, एलईडी चालू' असे स्पष्ट लिहा, डोळा लुकलुकतानाची चित्रफीत जोडा. आणि पाठवताना बॅटऱ्या काढून टाका.